‘द इनोसंट्स’मधल्या बायका: भयपटातला अभिनय कसा पाहावा आणि कसा टिपावा

जॅक क्लेटनच्या ‘द इनोसंट्स’ (१९६१) या ब्रिटिश भयपटात भूत दिसण्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच आहेत. रक्त नाही, अंगावर धावून येणारं काही नाही. तरी सिनेमा संपल्यावर खोलीतला दिवा मालवायला हात धजत नाही. हे कसं साधलं ते शोधायचं असेल तर भुतांकडे बघू नका, बायकांकडे बघा.

नेहमीच्या भयपटात दारामागे कोणी उभं आहे हे प्रेक्षकाला आधी कळतं, पात्राला नंतर. इथे बहुतेक वेळा उलटं घडतं. आधी गव्हर्नेस (मुलांना घरी राहून शिकवणारी, सांभाळणारी बाई) मिस गिडन्सचा चेहरा दिसतो, तो बदलतो, आपण दचकतो. तिने काय पाहिलं ते त्यानंतर दाखवलं जातं. म्हणजे भूत आहे याचा आपल्याकडचा पहिला पुरावा काय, तर एका नटीचा चेहरा. ती खोटं बोलत नसेल, पण चुकत असेल तर? सगळा सिनेमा या एका शंकेवर उभा आहे, आणि म्हणून यातला अभिनय ‘छान केलंय’ एवढ्यावर सोडून देता येत नाही. तो टिपावा लागतो. कसा, ते पुढे आहे. सिनेमा एकदा सरळ पाहून झाला आहे असं धरलं आहे. शेवटही उघड केला आहे.

आधी प्रत तपासा

हा सिनेमा कृष्णधवल सिनेमास्कोपमध्ये आहे, चौकट साधारण २.३५ : १. आजच्या रुंद टीव्हीवर (१६ : ९) तो बरोबर लागला असेल तर वर-खाली मिळून पडद्याचा जवळजवळ पाव भाग काळा राहतो. काळ्या पट्ट्या नसतील आणि चित्र पडदाभर असेल, तर मूळ रुंदीचा जेमतेम तीन चतुर्थांश भाग तुम्ही पाहता आहात. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी कापलेल्या प्रतीत तर निम्म्याहून थोडंच जास्त उरतं. अशा प्रतीवर अभिनयाची टिपणं काढूच नका. सिनेमॅटोग्राफर फ्रेडी फ्रान्सिसने एका टोकाला जवळचा चेहरा आणि दुसऱ्या टोकाला लांबवर दुसरं माणूस, दोघंही स्पष्ट, अशा कितीतरी फ्रेम रचल्या आहेत. कापलेल्या प्रतीत त्यातला एक चेहरा गळतो, नाहीतर चौकट या टोकाकडून त्या टोकाकडे सरकवली जाते. मग जो कट किंवा जी हालचाल तुम्ही क्लेटनच्या नावावर लिहाल, ती त्याची नसतेच.

दुसरी तपासणी अंधाराची. फ्रान्सिसने फिल्टरच्या कडा रंगवून फ्रेमच्या बाजू मुद्दाम काळवंडून घेतल्या होत्या, म्हणजे नजर मधल्या माणसावर राहते आणि कडेला काहीतरी असल्याचा भास होतो. टीव्हीची ब्राइटनेस वाढवलीत की या कडा राखाडी होतात आणि भास संपतो. चित्र ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोडवर ठेवा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. ती चालू असेल तर डोळ्यांची उघडझाप आणि ओठांची थरथर प्लास्टिकसारखी दिसते.

तिसरी गोष्ट सुरुवातीची. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचं बोधचिन्ह येण्याआधी पडदा काळा असतो आणि गाणं ऐकू येतं. तुमची प्रत थेट बोधचिन्हापासून सुरू होत असेल तर तिचं डोकं छाटलेलं आहे. दुसरी शोधा, कारण त्या गाण्याचा संबंध एका अभिनेत्रीशी आहे. ते पुढे येईलच.

वेळ टिपताना आणखी एक गोष्ट गोंधळ करते. हा सिनेमा सुमारे १०० मिनिटांचा. सेकंदाला २४ चौकटींऐवजी २५ चौकटींनी चालणाऱ्या टीव्ही-डीव्हीडी प्रतीत तोच ९६ मिनिटांत संपतो. त्यामुळे नुसतं ‘४१व्या मिनिटाला’ असं लिहिलेलं टिपण दुसऱ्याच्या कामाचं राहत नाही. वेळेसोबत प्रसंगाचं नाव लिहा: ‘तळं, पहिली वेळ’, ‘गुलाब आणि मनोरा’, असं.

नावं, आणि ती कशी लिहायची

मिस गिडन्स: डेबोरा कार. इंग्रजी स्पेलिंग पाहून बरेच जण ‘केर’ लिहितात. हॉलिवुडमध्ये तिची जाहिरात करताना एमजीएम स्टुडिओने ‘स्टार’शी यमक जुळवून उच्चार शिकवला होता, तेव्हा ‘कार’च. मराठीत ‘केर’ लिहिलं तर आणखीच अन्याय होतो.

मिसेस ग्रोस, घराचा कारभार पाहणारी हाउसकीपर: मेग्ज जेंकिन्स. छोटी फ्लोरा: पामेला फ्रँकलिन. मेलेली आधीची गव्हर्नेस मिस जेसेल: क्लायटी जेसप. इथे सर्वांत जास्त चुका होतात, कारण पात्र जेसेल आणि नटी जेसप. टिपणात दोन्ही आडनावं एका ओळीत कधीच लिहू नका. नटीसाठी ‘क्लायटी’ आणि पात्रासाठी ‘जेसेल’ एवढंच वापरा.

मोलकरीण ॲना: इस्ला कॅमेरॉन. पहिल्या नावाचा खरा उच्चार ‘आयला’ असा आहे. मराठी वाचक हसणार, हसू द्या; पण लिहिताना एकच रूप धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. ॲनाच्या वाट्याला फारसं काम नाही, म्हणून बहुतेक लेखांत तिचं नावही येत नाही. पण काळ्या पडद्यावरचं ‘ओ विलो वेली’ हे गाणं गाणारा आवाज तिचाच. ती स्कॉटिश लोकगायिका होती. चाल जॉर्ज ऑरिकची, शब्द पॉल डेनचे. म्हणजे या सिनेमात पहिल्यांदा जिचं अस्तित्व जाणवतं ती डेबोरा कार नाही. तुमच्या यादीत इस्ला कॅमेरॉनच्या दोन नोंदी हव्यात: एक चेहऱ्याची, एक आवाजाची.

पुरुषांपैकी दोघंतिघं धरले तरी पुरे: मार्टिन स्टीव्हन्स (फ्लोराचा भाऊ माइल्स), पीटर विनगार्ड (मेलेला नोकर पीटर क्विंट), मायकेल रेडग्रेव्ह (मुलांचा काका).

तीन फेऱ्या

सगळं एका बैठकीत करू नका. पहिल्या फेरीत सिनेमा सलग पाहा, सबटायटल्स लावून, वही बंद ठेवून. दुसऱ्या दिवशी दुसरी फेरी: फक्त ठरावीक प्रसंग, आवाज बंद, सबटायटल्सही बंद. सबटायटल असलं की नजर दर तीन सेकंदांनी खाली जाते आणि नेमका चेहरा बदलण्याचा क्षण हुकतो. तिसरी फेरी उलटी: पडद्यावर कापड टाका किंवा पाठ करून बसा, कानाला हेडफोन लावा आणि फक्त ऐका. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीला प्रत्येकी चाळीस-पन्नास मिनिटं पुरतात.

दुसऱ्या फेरीसाठी प्रसंग: काकाची मुलाखत, गुलाब आणि मनोरा, लपाछपी आणि खिडकी, तळ्याकाठची पहिली वेळ, वर्गाची खोली, माइल्सचा झोपण्याआधीचा मुका, शेवटचा काचघर आणि बागेचा भाग. वहीच्या पानाला सहा रकाने पाडा: प्रसंग आणि वेळ, आधी काय दिसलं (चेहरा की भूत), कॅमेरा चेहऱ्याच्या किती जवळ आणि चेहरा काय करतो, हात काय करतात, आवाजाचं काय होतं (हा रकाना तिसऱ्या फेरीत भरायचा), आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा: तिथे हजर असलेल्या दुसऱ्या कोणाला ते दिसलं का?

तिसऱ्या रकान्यात विशेषणं घालू नका. ‘भेदरलेली’ हे टिपण नव्हे, निष्कर्ष आहे. ‘भुवया वर नाहीत, तोंड अर्धवट उघडं, पापणी हलत नाही’ हे टिपण. निष्कर्ष नंतर काढता येतो. टिपलेलं नसेल तर काहीच काढता येत नाही.

डेबोरा कार: हात आणि चेहरा

हेन्री जेम्सच्या १८९८च्या मूळ कथेत ही गव्हर्नेस वीस वर्षांची आहे आणि तिला नावही नाही. सिनेमात तिला गिडन्स हे नाव मिळालं आणि भूमिका गेली चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या कारकडे. याने पात्र पार बदलतं. विशीतल्या मुलीची पहिली नोकरी ही साधी गोष्ट. या वयातल्या, पाद्र्याच्या घरात वाढलेल्या बाईची पहिली नोकरी म्हटली की मधली सगळी वर्षं कुठे गेली हा प्रश्न उभा राहतो. शिवाय प्रेक्षकांनी तिला ‘ब्लॅक नार्सिसस’मध्ये (१९४७) मठप्रमुख म्हणून आणि ‘द किंग अँड आय’मध्ये (१९५६) मुलांना शिकवणारी ॲना म्हणून पाहिलं होतं. तिच्यावर विश्वास ठेवायची त्यांना सवयच होती. क्लेटन त्या सवयीचा फायदा घेतो.

आधी हात पाहा. श्रेयनामावलीच्या वेळी काळ्या पार्श्वभूमीवर प्रार्थनेसाठी जुळलेले हात, पक्ष्यांचा आवाज, हुंदके. शेवटी माइल्स मेल्यावर पुन्हा तेच हात. मधल्या काळात हे हात काय काय धरतात आणि सोडतात याची यादी केलीत तर भूमिकेचा अर्धा आराखडा हाती येतो. मुलाखतीत काका तिचा हात हातात घेऊन वचन मागतो: मुलांची सगळी जबाबदारी तुझी, मला कशासाठीही त्रास द्यायचा नाही. तो क्षण आवाज बंद करून पाहा. ती वचन नोकरीसाठी देते आहे की त्या माणसासाठी, हे संवादात कुठेच नाही; चेहऱ्यावर आहे.

आता गुलाबाचा प्रसंग, जरा जवळून. ती पांढरे गुलाब कापते आहे. पानांआड एक दगडी बालमूर्ती दिसते आणि मूर्तीच्या तोंडातून किडा बाहेर येतो. पहिला बारीक शहारा इथे आहे, भुताच्या आधी. मग ती वर बघते, मनोऱ्यावर कोणीतरी उभं आहे, ऊन डोळ्यांत. आजूबाजूचे आवाज विरतात. कात्री हातातून सुटते. टिपताना क्रम लिहा: किडा, नजर वर, शांतता, आकृती. ती वर धावत जाते तेव्हा तिथे माइल्स कबुतरांसोबत असतो आणि इथे दुसरं कोणी नव्हतं असं सांगतो. शेवटच्या रकान्यात ‘नाही’. हा रकाना पुढे बहुतेक ‘नाही’नेच भरत जाईल, आणि आपण गिडन्सवर ठेवलेला विश्वास त्या ‘नाहीं’खाली हळूहळू दबत जातो.

खिडकीचा प्रसंग काळजीने टिपा, कारण त्याआधी काय घडलं हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. लपाछपी खेळताना गिडन्सला माळ्यावर संगीत वाजणारी पेटी आणि क्विंटची छोटी तसबीर सापडते. खिडकीबाहेर चेहरा दिसतो तो त्यानंतर. मूळ कथेत ती आधी अनोळखी माणसाचं वर्णन करते आणि त्यावरून हाउसकीपर त्याला ओळखते. तसबिरीचा प्रश्नच नाही. सिनेमाने क्रम एवढाच बदलला आणि साक्षीदार डागाळला. खिडकीच्या प्रसंगात ‘चेहरा आधी, भूत नंतर’ हा नियम कितपत पाळला आहे तेही एकेक शॉट थांबवून स्वतः ठरवा. रकाना भरताना घाई केली तर हमखास चुकतो.

माइल्सच्या मुक्याच्या प्रसंगात बहुतेकांचं लक्ष मुलाकडे जातं. मुका ओठांवर आहे, आणि मुलाच्या मानाने जास्त वेळ चालतो. तुम्ही घड्याळ लावा ते मुका संपल्यानंतर, कारचा चेहरा पडद्यावर किती वेळ राहतो त्यासाठी. त्या चेहऱ्यावर घृणा शोधून पाहा, सापडते का. शेवटी बागेत ती मेलेल्या मुलाच्या ओठांचं चुंबन घेते. दोन्ही नोंदी एकाच पानावर शेजारी लिहा.

संकलक जिम क्लार्कचे लांबलचक डिझॉल्व्ह (एक दृश्य विरत असतानाच त्यावर दुसरं उमटणं) इथे कामाला येतात. गिडन्सचा चेहरा पुढच्या दृश्यावर रेंगाळतो, कधी दोन-तीन प्रतिमा एकमेकांवर साचतात. स्टॉपवॉचने मोजा. चेहरा जिथे लांबतो तिथे पुढचं दृश्य ‘घडतंय’ की ‘तिच्या डोक्यात आहे’ ही सीमा पुसट होते.

रात्री ती शाल पांघरून, मेणबत्त्या घेऊन मार्गिकांतून फिरते तो भाग मात्र दुसऱ्या फेरीत सोडून द्या. तो कानांचा आहे. तिसऱ्या फेरीत ऐका. कुजबुज, हसणं, दारं. यातल्या इलेक्ट्रॉनिक आवाजांमागे डॅफ्नी ओरम होती, जिचं नाव श्रेयनामावलीत नाही.

मेग्ज जेंकिन्स: ऐकणारी बाई

मिसेस ग्रोसला एकही भूत दिसत नाही. तिचं काम ऐकण्याचं आहे, आणि ऐकण्याचा अभिनय टिपणं सर्वांत अवघड, कारण कॅमेरा बहुतेक वेळा बोलणाऱ्यावर असतो. उपाय असा: गिडन्स आणि ग्रोस एका फ्रेममध्ये असतील तेव्हा कारचा चेहरा तळव्याने झाका. हे ऐकायला पोरकट वाटतं, पण झाकल्याशिवाय नजर कारवरून हलत नाही. मग दिसतं की जेंकिन्स होकार देण्याआधी जरा थांबते, आधी नजर वळवते, मग बोलते. ती पटलं म्हणून हो म्हणते की वाद नको म्हणून? हुद्द्याने गिडन्स वर आहे आणि काकाने सगळे अधिकार तिला दिले आहेत, हे विसरू नका.

फ्लोरा शेवटी किंचाळते आणि तिच्या तोंडून घाणेरडे शब्द बाहेर पडतात, पण ते शब्द आपल्याला ऐकू येत नाहीत. रात्रभर काय ऐकलं हे ग्रोस सांगते, तेही न उच्चारता. तिसऱ्या फेरीत हा भाग ऐका: वाक्यं तुटतात ती कुठे तुटतात बघा. जेंकिन्सने हीच भूमिका १९७४च्या टीव्ही आवृत्तीत पुन्हा केली. दोन्ही पाहायला मिळाल्या तर याच जागा शेजारी ठेवून तुलना करा.

पामेला फ्रँकलिन

हा तिचा पहिला सिनेमा. जन्म १९५०चा, म्हणजे ती अकराची. क्लेटनने मुलांच्या हाती पूर्ण पटकथा दिली नव्हती, म्हणून फ्लोराच्या निरागसपणात ‘आता मी निरागस दिसते’ असा आव नाही. तिच्याकडे बघताना वेगळा नियम लावा: ती काय बोलते ते नव्हे, किती आनंदाने बोलते ते टिपा. कोळी फुलपाखरू खातो आहे हे ती कौतुकाने सांगते. प्रार्थनेच्या वेळी विचारते, मी चांगली नसले तर देव मला इथेच फिरत ठेवेल ना? स्वर जेवायला काय आहे हे विचारण्याचा. माइल्स येणार हे ती पत्र येण्याआधीच सांगते. रुपर्ट नावाच्या कासवाशी असलेल्या तिच्या प्रसंगात काही भयाण नाही; तो मुद्दाम लिहून ठेवा, कारण फक्त विचित्र क्षण टिपले की फ्लोरा कारस्थानी वाटू लागते आणि टिपणं एका बाजूला कलतात.

तिचं गुणगुणणं म्हणजे सुरुवातीचं तेच गाणं. कुठे कुठे येतं त्याच्या वेळा लिहा.

क्लायटी जेसप, आणि एक थेंब

एकही संवाद नाही. मूळची ऑस्ट्रेलियन, चित्रकार. हाच तिचा पहिला सिनेमा. तळ्यापलीकडे लव्हाळ्यात काळ्या कपड्यांतली बाई उभी आहे, भर दिवसा, काहीच न करता. सिनेमातलं सर्वांत भीतिदायक दृश्य कोणतं यावर वाद घालायचा असेल तर घाला. आमचं मत या दृश्याला. तिथे अभिनय म्हणजे न हलणं, आणि अंतर. फ्रेम थांबवून पट्टीने मोजा: पडद्याच्या उंचीच्या किती भागात ती मावते. याच कारणाने हे दृश्य मोबाइलवर पाहणं निरर्थक आहे, ती एक डाग होऊन जाते. तळ्याच्या प्रसंगाची ओळ भरताना रकाना दोन पुन्हा तपासा: आधी कारचा चेहरा, मग क्लायटी.

वर्गाच्या खोलीत मात्र वेगळं आहे. जेसेल मेजाशी बसून रडते, नाहीशी होते, आणि गिडन्सला तिथे एक ओला थेंब सापडतो. सगळे गिडन्सच्या मनाचे खेळ आहेत असं ठरवून लिहायला बसलेले लेख इथे अडखळतात, म्हणून बरेच जण हा थेंब गाळतात. उलट भुतं खरीच आहेत म्हणणारे फक्त थेंबाबद्दल लिहितात आणि तसबीर विसरतात. दोन्ही एकाच पानावर लिहा. आणि त्या प्रसंगाच्या शेवटच्या रकान्यात ‘नाही’ लिहिण्याआधी एकदा नीट पाहून घ्या: थेंब पाहायला खोलीत दुसरं कोणी होतं का? थेंबावर बोट टेकवणारा हात पुन्हा कोणाचा आहे?